कच्ची पानं

मुंगीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरले असते तर बरं, पण रोज सकाळी ते पत्र खणातून काढायचे, वाचायचे आणि परत आत सारायचे.

मुंगी म्हणजे विद्यापीठातली त्यांची अकाउंटिंगची विद्यार्थिनी, निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या तुकडीतली. कणकण वेचल्यासारखं काम करायची म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. तिच्या बरोबरीची मुलं केव्हाच मार्गी लागली. कुणी बँकेत, कुणी करसल्लागाराकडे, कुणी कारखान्याच्या हिशेब विभागात. मुंगीला ऑडिटच करायचं होतं. एका फर्मने तिला पसंतही केलं होतं. फक्त शिकताना केलेली गोदामातल्या मालाची मोजणी तिची स्वतःची आहे, असं सरांचं पत्र त्यांना महिनाअखेरपर्यंत हवं होतं. ते नाही मिळालं तर ती आहे तिथेच, फर्निचरच्या दुकानात बिलं फाडत राहणार.

सरांचं घोडं तिथेच अडलं होतं. त्या मोजणीचा अहवाल त्यांना पहिल्यापासून खटकत होता. तीनशे बारा वस्तू, एकच शाई, कुठे खाडाखोड नाही. धुळीत उभं राहून मोजलेला कागद असा न्हाऊनमाखून येतो? पोरीने घरी बसून आकडे रचले असणार. पण तोंडावर विचारायचा धीर झाला नव्हता. त्यांनी गुण दिले आणि संशय पोटात ठेवला.

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा बायकोने विषय काढला. "अहो, दुकानाच्या पावतीची बेरीज तुम्ही दोनदा करता. मग एकदा त्या गोदामात जाऊन या की. घरबसल्या कसला निकाल लावता?"

सर पिशवीत अहवाल घालून निघाले. गोदाम नळ आणि पाइपांच्या सामानाचं होतं. गोदामवाल्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, बहुधा करखात्याचा माणूस समजून. मुलगी खरंच आली होती का, असं सरांनी चाचरत विचारलं.

"आली होती की. तीन दिवस माझ्या डोक्यावर मिरं वाटत होती. वरची खोकीसुद्धा शिडी लावून खाली काढायला लावली. म्हटलं, बाई, लेबल वाच आणि मोकळी हो. तर म्हणते, लेबल म्हणजे माल नव्हे."

इतकं तोंडपाठ? पढवलेला पोपट दिसतोय, सरांच्या मनात आलं. तेवढ्यात त्याने भिंतीवरच्या आकड्याला अडकवलेली मळकी पानं काढून दिली.

"ही कच्ची पानं टाकून गेली. खाडाखोड दिसली की सर कागद फाडतात म्हणाली."

सरांचे कान तापले. तो नियम त्यांचाच. दरवर्षी पहिल्या तासाला ते बजावून सांगत.

तरी ते उपड्या खोक्यावर बसले आणि दोन्ही कागद ओळीने पडताळू लागले. कच्ची पानं मागाहूनही बनवता येतात. एकशे चौऱ्याऐंशीव्या ओळीवर बोट थांबलं. पाइप वळवायचे एल्बो कच्च्या पानावर त्रेसष्ट, अहवालात छत्तीस. फरक सत्तावीस, नऊने भाग जाणारा. उतरवताना आकडे उलटे पडले की असंच होतं. त्यांनी त्या दिवसाची गोदामाची वही मागितली. तिच्यात त्रेसष्टच होते. मनाने रचणाऱ्याला उतरवायला असतं काय? आणि अहवालातल्या त्या छत्तीसपुढे तपासल्याची लाल खूण होती, सरांच्या हातची.

ते तिथून सरळ पोस्टात गेले. फर्मला लिहिलं की मोजणी तिचीच आहे, एक आकडा उतरवताना चुकला आणि तो तपासणाऱ्यालाही दिसला नाही. मुंगीला लिहायला जास्त वेळ लागला. "मी तुझ्यावर संशय घेतला आणि तुला विचारलं नाही. उशीर त्यामुळे झाला. चूक माझी."

दोन्ही पाकिटं परवा पोचतील, असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. सर हो म्हणाले, आणि बाईंनी ती टपालाच्या थैलीत टाकेपर्यंत खिडकीपाशीच उभे राहिले.