बायकांच्या ओळी

शलाकाने गायनवृंदाच्या गीतपुस्तकातली तिसरी चाल फोनवर लावली आणि फोन मुंबईहून राहायला आलेल्या सासऱ्यांच्या कानाशी धरला.

“ही नव्हे,” दीनानाथ म्हणाले.

“बाबा, आता पुस्तकच संपलं.”

“संपलं असेल. आमची ही नव्हे.”

तिने कपाळावर हात मारून घेतला. नेदरलँड्समध्ये हार्लेमला आल्यापासून ती हौसेने जवळच्या चर्चच्या गायनवृंदात जात होती. तिथे युनिटेरियन पंथाचं एक जुनं प्रार्थनागीत बसवायला घेतलं आणि त्याचं मराठी रूप दीनानाथ मुंबईच्या प्रार्थना समाजात जन्मभर गात आलेले निघाले. वृंद चालवणाऱ्या मरायकेला केवढा आनंद! रविवारी मराठीतही गायचं, तेही मुंबईच्याच चालीवर, आणि कार्यक्रमपत्रिकेत छापायचं: शब्द कोणाचे, चाल कोणाची. सगळं आज पाचपर्यंत पाठवायचं होतं.

शब्दांचं लगेच सापडलं. मूळ शब्द एका इंग्रज धर्मोपदेशकाचे, मराठीतले प्रार्थना समाजातल्याच एका मास्तरांचे. घोडं अडलं होतं चालीपाशी. या मंडळींच्या रीतीत शब्द एकाचे, चाल भलत्याचीच. वजन जुळलं की एका गीताला कितीही चाली लावा. पुस्तकात तीन होत्या. तिन्हींना म्हाताऱ्याने नकार दिला, तोही निवांत चहा पीत.

“मग तुमची कोणती, ती म्हणून दाखवा ना!”

“दाखवली की.”

“दोन ओळी, बाबा. आठवडाभर त्याच दोन ओळी ऐकतेय मी. पुढे?”

दीनानाथांनी कप खाली ठेवला. बशी उगीच जरा फिरवली.

“पुढच्या मला येत नाहीत.”

“जन्मभर गाताय ना?”

“पहिल्या दोन पुरुषांच्या, पुढच्या दोन बायकांच्या. प्रत्येक कडवं तसंच म्हणायचो आम्ही. शैला पलीकडच्या बाकावरून म्हणायची. मी नुसता ऐकायचो.”

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. शलाकाला स्वतःची लाज वाटली आणि त्यापायी ती आणखीच चिडली. हे सोमवारी सांगायला काय झालं होतं या माणसाला!

“समाजात दुसरं कोणी असेल. फोन करू या.”

“त्या बाकावरचं आता कोणी उरलं नाही गं.”

तिने लॅपटॉप बाजूला सारला. पुस्तकातल्या पहिल्या चालीच्या शेवटच्या दोन ओळी मराठी शब्दांवर म्हटल्या.

“नाही. शैला इथे खाली यायची.”

ती खाली आली.

“इतकी नाही. आणि घाई करतेस तू.”

चार वाजून गेले. मरायकेचे दोन मेसेज येऊन पडले. इथे थांब, तिथे चढ, छे, हे फार गोड झालं, असं करत करत शलाकाचा घसा बसत आला.

“बाबा, मी आईंना हे म्हणताना एकदाही ऐकलेलं नाही. मला कसं कळणार?”

“म्हण गं तू.”

तिने म्हटलं, अगदी वैतागून, भांडल्यासारखं. ओळी संपताच फोन उचलला आणि ‘चाल अज्ञात’ असं टाइप करायला घेतलं.

पण या वेळी दीनानाथ ‘नाही’ म्हणाले नव्हते; त्यांनी दुसरं कडवं उचललं होतं. डोळे मिटून, मांडीवर ठेका धरत त्यांनी आपल्या दोन ओळी म्हटल्या. मग ते थांबले आणि मान जराशी वळवून पुढच्या ओळींची वाट पाहत राहिले.