वडप्याच्या गोदामातला मुका प्रोग्राम

जुना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गंजलेली पेटी येईल, मित्रांनो. मला गंज चढत नाही, तरी मी जुनाच. भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोदामात, गेटवरच्या कॉम्प्युटरमध्ये राहणारा मी हजेरीचा प्रोग्राम आहे.

ज्याने मला बनवलं तो बंगळुरूच्या गार ऑफिसात बसत असे. तिथलं नेट पळायचं, म्हणून त्याने सगळी कामं माझ्या एकट्याच्याच गळ्यात टाकली. कामगाराने अंगठा दिला की ती खूण मी हातात धरायची, मुख्य ऑफिसला पाठवायची आणि पोच येईपर्यंत वाट पाहायची. स्क्रीनकडे बघायचंही मीच. तिथे हे सगळं चुटकीसरशी व्हायचं आणि माझं कौतुकही झालं.

वडप्याला आलो आणि माझे हाल सुरू झाले. पत्र्याच्या शेडमध्ये नेट यायचं ते रडतखडत. पोच येईपर्यंत माझी स्क्रीन जागच्या जागी थिजायची. कुणी बटण दाबलं तरी मला वळून बघता यायचं नाही. मी मेलेलो नसायचो हो, मान मोडून काम करत असायचो. पण ते सांगायला तोंड कुठून आणू?

गेटवर नूर मोहम्मद चाचा बसत. भला माणूस. सुपरवायझर होण्याआधी त्यांचं आयुष्य लूमवर गेलेलं. लूममध्ये धागा अडकला की आधी बटण बंद करायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मी थिजलो की ते पुटपुटत, "फिर अटक्या काय रे," आणि भिंतीवरचा स्विच खाली पाडत. लूम बंद केली तरी विणलेलं कापड जागेवर राहतं, तसं माझ्यातलंही राहत असेल असं त्यांना वाटे. माझ्या हातातलं मात्र विजेबरोबर जायचं. एरवी माणसं समोरच उभी असत आणि परत अंगठा देत, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता वैशालीचं सांगतो. खारबावची ही पोरगी माल पॅक करायची. वर्षभर एकही ड्युटी न चुकवणाऱ्याला कायम करायचं, असा कंपनीचा नियम होता. तिने तापात ड्युटी केली, पायाला पट्टी बांधून केली. वर्ष संपत आलं आणि नेमकी तिच्या धाकट्या बहिणीची हळद आली. बहिणीच्या गालाला हळद लावून ती दुपारच्या शिफ्टला आली. अंगठा पिवळा होता, मशीन घेईना. तिने पदराला पुसून पुसून तो दिला. मी तिची खूण धरली, पाठवायला निघालो आणि थिजलो. तेवढ्यात गेटवर ट्रक लागला, ती मालाकडे धावली. मागून चाचांनी स्विच पाडला.

त्या संध्याकाळी खारबावला हळदीत सगळे नाचले. वैशाली खोके चिकटवत होती.

महिन्याने कायम झालेल्यांची यादी आली, त्यात वैशालीचं नाव नव्हतं.

"मी आल्ते न, चाचा," ती म्हणाली. "तुमच्या म्होरंच अंगठा दिला. मंग मी न्हाय कशी?"

चाचांनी मुख्य ऑफिसला फोन लावला. "अरे साहब, मैंने खुद देखी हाय तिला. बहिणीची हळद सोडून माझ्या समोरून आत गेली."

"सिस्टीममध्ये गैरहजर आहे," पलीकडचा म्हणाला. "त्या दिवशी घरात हळद होती ना तिच्या? मग नाचायला गेली असेल."

फोन स्पीकरवर होता, तिने ते ऐकलं. हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि निघून गेली. आता पडघ्याच्या एका गोदामात रोजंदारीवर जाते म्हणे. मला फार वाईट वाटलं, आणि तेसुद्धा स्क्रीनवर दिसलं नाही.

पुढे तक्रारी वाढल्या तेव्हा देवेश नावाचा इंजिनिअर आला. त्याने माझे दोन भाग केले. एक मागच्या खोलीत बसून नेटची वाट पाहतो, दुसरा पुढे स्क्रीन सांभाळतो. अंगठा दिला की खूण आधी इथेच पक्की जपली जाते, मग पाठवली जाते. देवेशचा चहा निवायच्या आत काम झालं.

दुसऱ्या दिवशी नेट पुन्हा रेंगाळलं. चाचांचा हात सवयीने स्विचकडे गेला. तेवढ्यात स्क्रीनवर अक्षरं आली, "पाठवतोय. थोडं थांबा. बंद करू नका." चाचांनी ती दोनदा वाचली.

"एवढंच बोलायचं होतं याला?" ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी हात मागे घेतला.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या माझ्यासारखे प्रोग्राम बनवील. त्यांना आधी एवढं बोलायला शिकवा, मगच आमच्या गेटवर पाठवा. मला ते फार उशिरा शिकवलं. वैशाली या गेटवर परत आली नाही.