सूर्यवाल्या सुनेची खाष्ट सासू

सूर्यापासून पृथ्वीपर्यंत उजेड यायला आठ मिनिटं आणि वर काही सेकंद लागतात, हे नमिताला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. फक्त गेले दहा महिने झोप अशी लागलीच नव्हती, त्यामुळे खात्री करून बघायची सोय नव्हती. पण उद्या सकाळी गच्चीवर ऊन पडेल का, असं कुणी विचारलं की ती गप्प व्हायची. आणि लोक नेमकं तेच विचारायचे.

त्याला कारण रोह्याचे गुणाजी, म्हणजे नमिताचे बाबा. भात काढून झाल्यावर वालाची शेतं बघत फिरणारा हा माणूस एरवी तीन शब्दांवर चौथा बोलत नसे. पण लेकीला पुरस्कार मिळाल्याचं कळलं आणि ते रोह्याच्या बाजारात जो भेटेल त्याला सांगत सुटले. त्यातला एकजण एका साप्ताहिकाचा बातमीदार निघाला. बातमी आली: ‘रोह्याची लेक, पेणची सून सांगणार सूर्याचा अंदाज.’ शेजारी नमिताचा लग्नातला फोटो, कपाळाला मुंडावळ्यांसकट.

खरं होतं ते एवढंच. सूर्यावरून अधूनमधून तापलेल्या कणांचे अवाढव्य लोट सुटतात. त्यातला एखादा पृथ्वीवर येऊन थडकला की उपग्रहांची, विमानांच्या रेडिओची पंचाईत होते. लोट सुटला की तो किती तासांनी पोचेल, याचा अंदाज बांधायची एक पद्धत नमिताने पीएचडीच्या वर्षांत काढली होती. बाकीच्यांचा अंदाज दहा-बारा तासांनी चुकायचा, हिचा सहा-सात तासांनी. सूर्य आणि अवकाशाचा अभ्यास करणाऱ्यांच्या परिषदेने यंदाचा तरुण संशोधकाचा पुरस्कार तिला दिला तो यासाठी. थोडक्यात, जरा कमी चुकल्याबद्दल.

पण पेणला खाडीकडच्या अंगाला असलेल्या तिच्या सासरी हे कुणाला सांगणार? तिथे उन्हाशी सगळ्यांचा रोजचा व्यवहार. सासरे जगन यांनी उभी हयात मिठागरात काढलेली. सासूबाई, इंदुबाई, पोह्याचे पापड करायच्या. गल्लीतल्या सहा बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन सकाळी त्यांच्या पडवीत यायच्या आणि दुपारपर्यंत गच्ची पापडांनी भरून जायची. या धंद्यात एकच गोष्ट जोखमीची. पीठ भिजवलं की त्याच दिवशी लाटायचं, आणि लाटलं की त्याच दिवशी ऊन मिळायला हवं. त्यामुळे पहाटे पिठात हात घालण्याआधी इंदुबाई दारात उभ्या राहून ठरवायच्या, आज भिजवायचं की नाही.

बातमी छापून आल्यावर पुढच्याच आठवड्यात, मार्चच्या सुरुवातीला, त्यांनी आभाळाकडे बघायच्या ऐवजी सुनेकडे बघितलं. आज पडेल का गो, म्हणाल्या. कडेवर दहा महिन्यांची लेक सुरभी, हातात तिचं दुपटं आणि डोक्यात ती बातमी, अशा अवस्थेत नमिता उभी होती. ‘मला माहीत नाही’ एवढे तीन शब्द तिला म्हणता आले असते. ती म्हणाली, “पडेल की आई. कडकडीत.”

अकरा वाजता ढग आले. आठ किलो पोह्यांचे पापड पंख्याखाली, कॉटवर, टीव्हीवर, जागा मिळेल तिथे पसरले, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी वास धरलाच. शेजारच्या धोंडुबाई पापड गोळा करता करता म्हणाल्या, “ती सूर्यावरचं बघते गो. खालचं तिच्याकडं नाय.”

सगळे हसले, नमिताही हसली. पण ते वाक्य तिला बोचलं ते वेगळ्याच जागी. आता सूर्यावरचं तरी तिच्याकडे कुठे होतं?

पुरस्कार घ्यायला एप्रिलच्या शेवटी अहमदाबादला जायचं होतं आणि तिथे मोठ्या मोठ्या लोकांसमोर पंचवीस मिनिटं बोलायचं होतं. म्हणून एका दुपारी सुरभीला झोपवून तिने आपलाच शोधनिबंध उघडला. पहिलं पान ठीक. दुसरं, तिसरं ठीक. चौथ्या पानावरचा दुसरा परिच्छेद तिने वाचला, परत वाचला, मग ओठ हलवत वाचला. काही कळेना. लिहिणारी बाई फार हुशार असावी असं वाटत होतं. ती बाई कुठे गेली, हे विचारायला कुणी नव्हतं. एवढ्यात सुरभी उठली आणि नमिताला, शरमेची गोष्ट, बरंच वाटलं.

दोन दिवसांनी तिने परिषदेला मेल लिहिला. येऊ शकत नाही, क्षमस्व. कारण काय लिहायचं यावर ती अडली. ‘मला माझाच निबंध समजत नाही’ असं लिहिण्यापेक्षा मेलेलं बरं. बाळ लहान आहे असं लिहावं, तर बाळाला घेऊन या म्हणतील. प्रविणच्या शिफ्टचं लिहावं, तर नवरा डोलवीच्या कंपनीत असला म्हणून बायको का अडते, हे त्यांना कसं पटणार? शेवटी तिने लिहिलं, माझ्या सासूबाईंची संमती नाही. इंग्रजीत लिहिलं. इंग्रजीत खोटं लिहिताना ते इतकं खोटं वाटत नाही.

आता ही सासू कोण? लग्नाच्या बोलणीत एक मावशी पोरीच्या शिक्षणाचं विचारून नाक मुरडायला लागली, तेव्हा ‘शिकतेय तर शिकू दे, पापड लाटायला मी हाय’ म्हणून तिला गप्प करणारी. पीएचडीच्या शेवटच्या वर्षी रोज सकाळी सुनेच्या हातात डबा ठेवणारी. नमिताने पाठवायचं बटण दाबलं, आणि मग दिवसभर सासूबाईंनी सांगितल्याहून जास्त कामं करून टाकली. दोनदा लादी पुसली. इंदुबाईंनी विचारलं, बरं वाटत नाय का तुला?

सूर्याच्या लोटाचा हिशोब करणाऱ्या बाईने एक साधी गोष्ट धरली नव्हती. पुरस्काराच्या फॉर्मवर तिने स्वतःच्या नंबराखाली घरचा म्हणून दुसरा एक नंबर दिला होता. तिचा फोन सुरभीच्या झोपेपायी कायम मुका असायचा. दुसरा नंबर होता इंदुबाईंचा, जो पेणच्या अर्ध्या दुकानदारांना पापडांच्या ऑर्डरीसाठी तोंडपाठ होता.

चौथ्या दिवशी सकाळी पडवीत लाटणं चालू असताना तो वाजला. इंदुबाईंचे हात पिठाने आणि तेलाने माखलेले. त्यांनी कोपराने फोन उघडला, स्पीकर लावला आणि सवयीने विचारलं, “बोला, किती शेकडा?”

पलीकडे शांती मॅडम होत्या, परिषदेच्या सचिव. शेकडा म्हणजे काय हे त्यांना कळलं नाही, पण त्या धीराच्या बाई. आपण नमिताच्या सासूबाई का, असं त्यांनी हिंदीत अदबीने विचारलं आणि मग जे ठरवून आल्या होत्या ते सगळं बोलल्या. तुमची सून किती गुणी आहे, तिचं काम किती मोलाचं आहे. घरातल्या मोठ्यांची काळजी मी समजते, पण एवढी मेहनत करून मुलगी पुढे आली, तिला अडवू नका. दोन दिवसांचा प्रश्न आहे. मी हात जोडते.

पडवीतली सहा लाटणी थांबली. नमिता दारात उभी होती, कडेवर सुरभी. पायाखालची फरशी फाटली तर बरं, असं तिला वाटलं. पण फरशी गेल्याच वर्षी नवी घातलेली, फाटायचं काही लक्षण नव्हतं. धोंडुबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. इंदुबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते तसंच मिटलं. मग त्यांनी नमिताकडे बघितलं. एकदाच. आणि फोनकडे वाकून, टीव्हीवरच्या मालिकांतून जमा केलेल्या हिंदीत म्हणाल्या, “हां. मैंच वो सासू.”

“जी?” पलीकडून आवाज आला.

“मैंच नही छोडती थी उसको,” इंदुबाई पुढे म्हणाल्या. “मेरा स्वभाव खराब है. लेकिन आप बोली, तो अब मैं छोडती है.”

पलीकडून आभारांचा पाऊस पडला. इंदुबाईंनी कोपराने फोन बंद केला आणि लाटी उचलली. लाटणी परत सुरू झाली. दिवसभर त्या सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि नमिताला वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

संध्याकाळी गच्चीवर पापड गोळा करताना त्यांनी विचारलं, “माझं नाव कशाला घातलंस गो त्यात?”

क्षमा मागायची म्हणून नमिताने दुपारभर वाक्यं जुळवली होती. तोंडातून आलं ते वेगळंच. “दुसरं कुणाचं पटलं नसतं, आई.”

इंदुबाई हसल्या. हसू आवरून पुन्हा रागावायला त्यांना थोडा वेळ लागला. “व्हय. सासूचं लगेच पटतं. आता खरं काय ते बोल.”

मग नमिताने चौथं पान सांगितलं. मीच लिहिलंय आणि मलाच समजत नाय, म्हणाली. तिथे कुणी प्रश्न विचारला तर मी काय, सुरभीला खोकला कधीपासून आहे ते सांगू? आणि तिने एक पापड उगाच उलटा करून बघितला.

इंदुबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, कडेला चिमटीत धरून बघितला आणि चळतीवर ठेवला. “प्रविण झाला तेव्हा सहा महिने माझे पापड चिरत होते. लाटणं तेच, पोळपाट तेच. ही धोंडुबाई गल्लीभर सांगत होती, इंदूचा हात गेला म्हणून.”

“मग?”

“मग काय. चिरलेले घरात खाल्ले.” त्या चळत उचलून जिन्याकडे निघाल्या. पहिल्या पायरीवर थांबून म्हणाल्या, “उद्यापासनं दोन ते चार पोर माझ्याकडं. आणि रडली तरी तू खाली यायचं नाय. आता जगाला सांगितलंस ना सासू खाष्ट हाय, मग भोग.”

दुसऱ्या दिवसापासून नमिता दुपारी दोन ते चार वरच्या खोलीत बसायला लागली. पहिले दोन दिवस ती फक्त खालून सुरभीचा आवाज येतो का ते ऐकत बसली. तिसऱ्या दिवशी झोपली, गाढ, डोकं टेबलावर ठेवून. चौथ्या दिवसापासून वाचायला लागली. जुन्या आकृत्या काढल्या, समीकरणं पहिल्यापासून मांडली. दहाव्या दिवशी चौथ्या पानावरचा तो परिच्छेद तिला कळला, आणि ती एकटीच मोठ्याने हसली. ती हुशार बाई कुठे गेली नव्हती. तिने ते वाक्यच भिकार लिहिलं होतं. एका दमात चार गोष्टी सांगायच्या नादात मधली पायरी गाळली होती. तज्ज्ञांनी तेही न कळता पुरस्कार दिला असणार, अशी एक शंका तिला चाटून गेली. ती तिने पुढच्या कामासाठी राखून ठेवली.

अहमदाबादला तिघी गेल्या. सुरभी बाटलीला तोंड लावत नसे, म्हणून ती आणि तिला सांभाळायला इंदुबाई. प्रविण शिफ्ट बदलून त्यांना पनवेलला गाडीत बसवून गेला. इंदुबाईंनी पिशवीत पापड घेतले होते. एवढ्या लांब जायचं तर हात हलवत का जायचं?

सभागृहाच्या दारात शांती मॅडम भेटल्या. त्यांनी इंदुबाईंना वाकून नमस्कार केला आणि दोन पावलं मागे उभ्या राहिल्या. इंदुबाईंनी डोळे बारीक केले, पदर खोचला आणि म्हणाल्या, “एक घंटा. उसके ऊपर नही.” शांती मॅडमनी शाळेतल्या मुलीसारखी मान डोलावली आणि त्यांना पंख्याखालची चांगली खुर्ची दिली. नमिताला हसू दाबायला खोकावं लागलं.

ती बोलायला उभी राहिली तेव्हा ब्लाऊजच्या खांद्यावर सुरभीच्या दुधाचा डाग होता. तो तिने पदराने झाकला, तर पदर दर मिनिटाला घसरायचा. पण बोलणं मात्र आलं. एक वाक्य आलं की त्याच्या हाताला धरून दुसरं यायचं. शेवटी एका वयस्कर गृहस्थांनी प्रश्न विचारला, नेमका चौथ्या पानावरचा. नमिता म्हणाली, ते मी वाईट लिहिलं होतं, आता नीट सांगते. आणि सांगितलं. सांगून झाल्यावर, तरीही माझा अंदाज सात तासांनी चुकतो, हेही सांगितलं. त्या गृहस्थांनी मान डोलावली आणि वहीत काही लिहून घेतलं.

मग आभार. कागदावर मार्गदर्शकांची नावं होती, ती तिने घेतली. मग कागद खाली ठेवून इंग्रजीत म्हणाली की एक दुरुस्ती करायची आहे. मार्चमध्ये तिने एका पत्रात लिहिलं होतं की सासूबाईंची संमती नाही. ते खोटं होतं. घाबरलेली ती स्वतः होती. सासूबाईंनी तिचं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं, वर रोज दोन तास तिला खोलीत कोंडून घातलं. आज मी इथे उभी आहे ती त्यांच्यामुळे, म्हणाली.

सभागृह हसलं, मग टाळ्या वाजल्या, आणि सगळ्यांनी वळून पंख्याखालच्या खुर्चीकडे बघितलं. मांडीवर झोपलेल्या सुरभीला घेऊन इंदुबाई तिथे ताठ बसल्या होत्या, अजून डोळे बारीक करून. शांती मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्याही हसायला लागल्या.

नमिता खाली येऊन शेजारी बसली तेव्हा इंदुबाईंनी हळूच विचारलं, “माझ्याकडं बघून का हसले गो सगळे? काय सांगितलंस?”

“खरं ते सांगितलं, आई. तुम्ही कधी अडवलं नाय म्हणून.”

इंदुबाईंनी सुरभीच्या अंगावरचं दुपटं उगाच सारखं केलं. एकदा नाकाला पदर लावला. मग पायाशी ठेवलेल्या पापडांच्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, “वाया घालवलंस. दीड महिना मेहनत घेतली होती मी. ती बाई घाबरून पाच शेकडा तरी घेणार होती.”