शिट्टी वाजेपर्यंत

मुजीब सरांचा फोन सकाळपासून तापलेला होता, आणि डोकंही. वरवंडच्या शाळेचा मुलींचा कबड्डी संघ घेऊन ते शिरूरला स्पर्धेसाठी आले होते. दुपारी वजनं व्हायची होती, आणि जिच्या चढाईवर सगळी भिस्त ती धनश्री ठरलेल्या वजनापेक्षा अर्धा किलो जास्त भरत होती. मग नेहमीचा उपाय: अंगात दोन स्वेटर, घसा कोरडा आणि मैदानाला फेऱ्या. शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही. वजन उतरवणारी पोर पाणी पीत नाही तोवर सरही प्यायचे नाहीत, ही त्यांच्या संघाची रीत. पोरींना त्याचं केवढं कौतुक! सरांची झोप मात्र केव्हाच उडाली होती, जीव नुसता मेटाकुटीला आला होता, पण सांगणार कुणाला?

फोन वाजला. संस्थेचे अध्यक्ष सत्यजीतराव.

"सर, यंदा कप पायजेच. न्हाईतर आमाला दुसरा कोच बघावा लागंल."

"व्हय साहेब, व्हय," करत सर गेटबाहेर गेले. तो फोन ठेवतात तोच हेडमास्तरांचा, मग एका पालकाचा. बोलता बोलता सर रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. हल्ली एका जागी उभं राहणं त्यांना जमतच नसे. काहीतरी राहिलंय असं सारखं टोचत होतं, काय ते आठवेना. घाम पुसताना हात गळ्यातल्या शिट्टीला लागला, आणि आठवलं: ती वाजवायचीच राहिली होती.

सर धावत सुटले. धनश्री अजून पळत होती. पळत कसली, पाय ओढत होती. ओठ पांढरेफटक पडले होते.

"अगं, थांबायचं न्हाई का!"

"तुमी शिट्टी न्हाई मारली, सर," म्हणत ती मटकन खाली बसली.

सरांनी तिला सावलीत नेलं, स्वेटर ओढून काढले, बाटली तोंडाशी धरली. तिनं मान फिरवली.

"नगं. वजन जास्ती भरंल. मग तुमाला काढत्याल. समद्या पोरींना म्हाईत हाय."

सरांना स्वतःची भयंकर लाज वाटली. आपली भीती या पोरीच्या डोक्यावर कधी चढवली, कळलंच नाही. बाटली आपल्याच तोंडाला लावून ते घटाघटा पाणी प्यायले.

"मी प्यालो. रीत मोडली. आता तू पी."

तिनं बाटली घेतली. फोन पुन्हा वाजला. अध्यक्षच.

"साहेब, धनश्री खेळणार न्हाई. चूक माझी हाय. तुमी दुसरा कोच बघा."

धनश्री पाणी पीत राहिली. सर तिच्या शेजारी मातीत बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.