चार नंबरचा घोडा

सत्तेचाळीस साली गोरे साहेब नगरच्या कॅम्पातनं निघाले, तवा त्यांच्या बंगल्यांतलं सामान लिलावात आलं. सरकीच्या तेलाचे बडे व्यापारी आबासाहेब त्यातली पाच चित्रं उचलून माझ्या फ्रेमच्या दुकानात आले. शंभर वर्सांची विलायती शिकारीची चित्रं, आन् सगळी टिंगलीची! एकात ढेरपोट्या साहेब घोड्यावरनं उडून चिखलात डोकं खाली पाय वर, दुसऱ्यात त्याची टोपी कुत्र्याच्या तोंडात, आन् कोल्हा कुंपनावर बसून हसतोय.

"काय रुबाब हाय बघ, छगन!"

"लई, मालक!"

चिखलात तोंड खुपसलेल्या मानसाचा रुबाब वळखायला आबासाहेबांचीच नजर पायजे.

पन चित्रांखाली एक ते सहा आकडे, आन् चार नंबर गायब. रविवारी जिमखान्याचे सेक्रेटरी, घोडदळातले रिसालदार सूर्यभान, आबासाहेबांच्या घरी यायचे हुते. साहेब गेले म्हनून जिमखान्यात आता आपली मानसं घेत हुते, आन् आबासाहेबांचा सगळा जीव त्या मेंबरशिपीत अडकल्याला.

"अपुरा संच बघून अर्ज फाडतील रे! कायबी कर, पन चार नंबर आन."

आनला की! विल्सन पेंटरकडनं काढून घेतला आन् चहाच्या पान्यात बुडवून पिवळा केला, आन् अस्सल जुना म्हनून मालकांना दिला. पन विल्सन जन्मभर पेंडवाल्यांच्या पाट्यांवर बैल काढनारा. हात वळनावर गेला, आन् पठ्ठ्यानं घोड्याला वेसन घातली! नाकातनं आरपार दोरी. मला दिसलं, पन पुसायला लावलं न्हाई. एवढी मजा कोन वाया घालवंल?

रविवारी खिळे ठोकायच्या निमित्तानं मी दिवानखान्यातच हुतो. रिसालदार चष्मा लावून एकेक चित्र बघत आले ते चार नंबरपाशी थबकले.

"आबासाहेब, घोड्याला वेसन?"

आबासाहेब घाबरून माझ्याकडं बघाय लागले.

आता ह्या रिसालदारांची सगळी नोकरी गवताच्या गोदामात गेल्याली. घोड्यानं खाल्लेलं गवत तेवढं त्यांना ठावं. म्हनून मीच तोंड घातलं.

"खानदानी विलायती घोड्याला घालत्यात न्हवं? रिसालदारसाहेबांनी तर लई पाहिली असत्याल."

त्यांनी मिशीला पीळ दिला. "व्हय तर! लंडनला गेल्तो तवा पाहिली. अस्सल घोडा वेसनीवरनंच वळखायचा." मग बाकीच्या पाच चित्रांकडं बोट केलं. "ही मात्र नकली दिसत्यात. ह्यांची वेसन कुठाय?"

"लिलाववाल्यानं फसवलं मला!" आबासाहेबांनी कपाळावर हात मारला.

"असू द्या. एक तरी अस्सल हाय. अशी पारख असलेला मानूस जिमखान्याला पायजेच." रिसालदारांनी तिथंच अर्जावर सही ठोकली.

आबासाहेब फुगून दुप्पट झाले. पाची चित्रं उतरवून माझ्या काखेत कोंबली.

"ने ही रद्दी. आन् ह्याच्यासारखी पाच आनून दे. वेसन बघून घे बरं, न्हाईतर फसशील!"

"मालक, वेसन सुताची बघू का रेशमाची?"

"रेशमाची!" दोघंबी एकदमच म्हनाले.