पन्नासची की लांबची

लाइटमीटरचा काटा दोन आणि तीनच्या मधल्या बारीक रेघेवर येऊन थांबला. मधुकररावांनी मीटर रत्नाबाईंच्या गालापासून चार बोटांवर धरला होता. काल दुपारी याच वेळी तो तिथंच होता. परवाही.

"ताप पाहून राहिले का?" रत्नाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"उजेड."

"किती आहे?"

"कमी आहे."

"घ्या! ताप कमी पायजे तं उजेड कमी झाला. तुमचं सारं उलटंच असते बाप्पा."

मधुकरराव हसले आणि मीटर खिशात ठेवून बाहेर आले. त्या काट्याचा हिशेब त्यांना तोंडपाठ झाला होता. त्यांच्या कॅमेऱ्याला जी जुनी लेन्स होती तिच्यातून, त्यांच्या फिल्मवर, एवढ्या उजेडात फोटो घ्यायचा तर कॅमेऱ्यातला पडदा सेकंदाचा आठवा हिस्सा उघडा ठेवावा लागे. कॅमेरा स्टँडवर ठेवला तर तो हलत नसे. पण तापानं धापा टाकणारं माणूस तेवढ्या वेळात हलतंच. पौषात त्यांनी एक अख्खा रोल तसा काढून पाहिला होता. धुऊन आला तेव्हा खाटेच्या नवारीची पट्टी न् पट्टी मोजता येत होती, चादरीवरच्या चौकड्याही. चेहरा तेवढा ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा दिसत होता.

फ्लॅश एकदाच लावला. रत्नाबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही. मग मधुकररावांनी छपरावर चढून दोन कवेलू काढले आणि त्या जागी काच बसवली. काटा एक घर पुढे सरकला. पण खाली तो उजेड रत्नाबाईंना सोसवेना, त्या भिंतीकडे तोंड करून निजू लागल्या. तिसऱ्या दिवशी मधुकररावांनी काचेवर पोतं टाकलं. अंगणात आणायचं म्हटलं तर हाडं अशी दुखत की खाटेला नुसता धक्का लागला तरी त्या ओठ चावत.

म्हणजे जे करायचं ते याच खोलीत, याच उजेडात.

एकोडीत सगळे मधुकररावांना 'मलेरियासाहेब' म्हणत. साहेबपण काही नव्हतं. तालुक्याच्या हिवताप प्रयोगशाळेत ते बावीस वर्षं रक्ताच्या काचा तपासत होते. काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, शंभर जागा पाहायच्या आणि शंभर पाहून झाल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, हा नियम. सोबतीचे लोक तीस-चाळीसवर थांबत. मधुकरराव कधीच थांबले नाहीत. घरात वांगी घ्यायची तरी ते टोपली उलटीपालटी करून पाहत, आणि तोवर रत्नाबाई पैसे देऊन मोकळ्या होत.

कॅमेरा हा एकच शौक. मूलबाळ नव्हतं, दारू-विडी नव्हती. रविवारी सायकलवर तलावाच्या पाळीवर जायचं, मागे कॅरियरवर रत्नाबाई, त्यांच्या मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी. एकदा धानाच्या बांधीत सारसाचा जोडा उतरला होता. मधुकररावांनी श्वास रोखून सहा फोटो काढले. रत्नाबाईंनी फोटो हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला.

"हे काय जी? आगपेटीतल्या दोन काड्या?"

तेव्हापासून लांबच्या लेन्सचं घरात ठरलेलं होतं. ऐंशीपासून दोनशेपर्यंत मागेपुढे होणारी, लांबचं जवळ आणून दाखवणारी झूम. ती आली की नवेगावच्या तलावावर जायचं, दोन दिवस राहायचं, सारसाचा डोळासुद्धा दिसला पाहिजे. डब्यात काय न्यायचं तेही रत्नाबाईंनी ठरवून टाकलं होतं.

दिवाळीत मुंबईहून पत्र आलं. तिथल्या एका जुन्या कॅमेरेवाल्याकडे मधुकररावांच्या कॅमेऱ्याला बसणाऱ्या दोन लेन्स आल्या होत्या. एक ती झूम. दुसरी पन्नासची, एकाच जागची, मागेपुढे न होणारी. पण तिचं तोंड एवढं मोठं की जुन्या लेन्सपेक्षा चौपट उजेड आत घेणारी. झूमला भरपूर ऊन लागे, पन्नासच्या लेन्सला कंदिलाचा उजेडही पुरला असता. दोन्ही घेण्याची ऐपत नव्हती. रत्नाबाईंचा धाकटा भाऊ जागेश्वर माघात मित्राच्या लग्नाला मुंबईला जाणार होता. तो येताना एक आणणार होता. कोणती, एवढंच सांगायचं होतं.

ते मधुकररावांना सांगता येत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी रत्नाबाईंना ताप येऊ लागला, पोटात डाव्या बाजूला प्लीहा वाढली. या भागात प्लीहा वाढली की लहान पोरसुद्धा मलेरिया म्हणतं. मधुकररावांनी स्वतः त्यांच्या बोटाला सुई टोचली, स्वतः काचा पाहिल्या. सहा वेळा. प्रत्येक काचेच्या शंभर जागा. हिवतापाचा जंतू कुठंच नव्हता. पांढऱ्या पेशी मात्र जत्रेसारख्या दाटल्या होत्या, आणि त्या दाटीतून वाट काढत ते पुढच्या जागेकडे जात राहिले, कारण त्यांना जंतू शोधायचा होता. 'निगेटिव्ह' लिहिलं. ते खरंच होतं. पाच महिने गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी तशीच एक काच एकदाच पाहिली आणि रक्ताचा कॅन्सर सांगितला.

गोळ्यांवर दोन वर्षं बरी गेली. कार्तिकात डॉक्टर मधुकररावांना बाजूला घेऊन म्हणाले की आता गोळ्या काम करत नाहीत. दोन महिने, फार तर तीन. बसमध्ये रत्नाबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "औषध बदलवलं आहे."

लांबची लेन्स मागवायची म्हणजे त्या बसमधलं खोटं पुढे चालू ठेवायचं: रत्नाबाई उठतील, पाळीवर येतील, नवेगावला येतील. पन्नासची मागवायची म्हणजे रत्नाबाई आता या खोलीतून बाहेर येणार नाहीत, हे त्यांच्यासमोर बोलून दाखवायचं. ट्रंकेत साडेआठशे फोटो होते. त्यांत रत्नाबाईंची सावली होती, पिशवी धरलेला हात होता, एकदा पाण्यात हललेलं लुगडं होतं. चेहरा म्हणाल तर लग्नातल्या एका फोटोत, तोही मुंडावळ्यांमागे. पिशवी धरणारं माणूस समोर कधी येणार?

जागेश्वर आला तेव्हा हातात बॅग होती आणि शेवंताबाई ओसरीवर तांदूळ पाखडत बसली होती. रत्नाबाईंनी खाट धरल्यापासून शेजारची शेवंताबाईच दुपारचं पाहत असे.

"दोनची बस आहे, भाऊजी," जागेश्वर म्हणाला. "आज तं सांगाच. दिवाळीपासून तुमचं ठरूनच राहिलं. इतक्यात लोकाइची सोयरीक जुळून पाळणा हालते."

"मलेरियासाहेब आहेत ना ते," शेवंताबाई सूप न थांबवता म्हणाली. "शंभर वेळा पाहातीन. मंग म्हनतीन, काही दिसत नाही!"

ती आपल्या विनोदावर हसली. मधुकरराव हसले नाहीत.

"चिठ्ठी देतो लिहून," ते म्हणाले. "चाल, बसपर्यंत येतो तुह्यासंग."

त्यांचा बेत साधा होता. कागदावर दोन्ही लेन्सची नावं लिहिलेली होती. वाटेत, वडाजवळ, कुणी ऐकत नसताना एकीवर काट मारायची. त्यांनी चपला घातल्या.

"जागे!" आतून हाक आली. आवाज बारीक होता, पण दोघंही जागच्या जागी थांबले. "इकडं ये. आन् तुह्या भाऊजीलेही आन."

खोलीत त्यांचे डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागला. रत्नाबाई उशीवर डोकं थोडं वर करून पाहत होत्या.

"काय ठरलं?"

"बाई, तू आराम कर न," जागेश्वर म्हणाला. "भाऊजी चिठ्ठी देऊन राहिले."

"चिठ्ठी कायले? तोंड नाही का?"

"लांबचीच ठरली होती आपली," मधुकरराव म्हणाले. "पन भाव जरा..."

"भाव नका सांगू." त्या दम घ्यायला थांबल्या. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "तुले सांगतो जागे, वीस वर्सं झाले लग्नाले. या मानसानं मले कोनत्याच गोष्टीले पयल्या झटक्यात हो म्हटलं नाही. लुगडं म्हटलं तं तीन दुकानं. मासोळी म्हटली तं काटे किती, ताजी आहे का. अन् कारतिकात नागपूरहून आलो तवापासून? मासोळी म्हटली, आनली. बोरं म्हटली, कुठून आनली देव जाने. एक दिवस मुद्दाम म्हटलं, मले आंबा पायजे. थंडीत! तं हा मानूस सायकल घेऊन निंगाला."

जागेश्वर बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"भांडन नाही, नाही म्हनणं नाही. मी काय येडी आहे?" रत्नाबाईंनी मधुकररावांकडे पाहिलं. "मले कोनाले इचाराची गरज नाही पडली जी. पन तुमी एकटे किती दिस धरून बसता? लांबची म्हना नाही तं पन्नासची म्हना, मले दोन्ही चालते. फकत माह्यासमोर म्हना."

बाहेर सुपाचा आवाज थांबला होता. मधुकररावांनी खिशातला कागद काढला, उलगडला, पुन्हा घडी केली. बावीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांच्या नावापुढे निकाल लिहिले होते, पण त्यांतला एकही त्या माणसाच्या तोंडावर सांगायची पाळी त्यांच्यावर आली नव्हती. ते खाटेच्या कडेला बसले, अगदी हळू, धक्का लागू नये असे. रत्नाबाई वाट पाहत होत्या. त्यांना घाई नव्हती. घाई जागेश्वरला होती, आणि तोही आता बसचं विसरला होता.

"पन्नासची आन," मधुकरराव म्हणाले. "आन् लग्नापर्यंत थांबू नको, जागेश्वर. घेतली का त्याच दिवसाच्या गाडीनं परत ये."