बिरोबावरचं काँक्रीट

केवळाबाईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. काही सांगायचं असलं तर ती शेळीला सांगे. "भाकरी वाढली म्हणावं." शेळी कान हलवी, उमाजी जेवे आणि संसार चाले.

राग उगाच नव्हता. नाक्यावरच्या रझाकारांनी माळावर पहाऱ्याचा ओटा घातला तो नेमका बिरोबाच्या तांदळ्यावर, त्या शेंदूर फासलेल्या दगडावर, आणि वेठीला धरलेल्या उमाजीनं आपल्या हातानं खडी-सिमेंट कालवून देवावर ओतलं. त्याच्या पाठीशी बंदूक होती हे तिला कळत होतं. पण ज्या देवापुढं लग्नात भंडारा उधळला, त्यालाच गाडणारा हात तिला बघवत नव्हता. तेव्हापासून उमाजी मेंढरांपाशी रानातच निजायचा.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, नाका उठला, ओटा तेवढा राहिला. गाव म्हणालं, घण घाला. गावातला मुंजाजी तर सुरुंग आणायला निघाला. उमाजी आडवा झाला.

"घणानं देव फुटंल. मी पाचरी मारून काढतो. पिंगळीकडं खाणीवर शिकलोय."

लाकडानं काँक्रीट फोडणार म्हणे! लोक पोट धरून हसले. उमाजीनं मात्र छिन्नीनं ओट्यावर ओळीनं भोकं पाडली आणि बाभळीच्या पाचरी पत्र्यावर खडखडीत वाळवल्या.

आता देवाच्या कामाला पारोशी हत्यारं कशी चालतील? केवळाबाईनं आदल्या संध्याकाळी त्या पाचरी हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. सकाळी त्या अशा फुगल्या की एकही भोकात जाईना. केवळाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उमाजी चिडला नाही. तो शेळीकडं वळला.

"पाचर आत गेल्यावर तिला पाणी पाजायचं असतंय म्हणावं. आदीच पाजलं तर आत कशी जायची?"

आठ दिवस पाचरी पुन्हा वाळल्या. मग त्यानं त्या ठोकून बसवल्या, वर चिंध्या घातल्या आणि बाजूला झाला. पाणी घालायचं काम केवळाबाईनं न बोलता आपल्याकडं घेतलं. ओढ्यावरून घागर आणायची, धार धरायची, बसून राहायचं. चैत्राचं ऊन, माळ डोळ्यांपुढं हलायचा. तिला गुंगी यायची. लाकूड घोट घोट पाणी पितंय असं ऐकू यायचं. कधी वाटायचं, खाली देव कूस बदलतोय. देवा, अख्खा ये रे, ती पुटपुटायची. मग जाग यायची आणि घागर रिकामी झालेली असायची.

तिसऱ्या दुपारी ओट्यातून बारीक आवाज आला. एका पाचरीपासून दुसरीपर्यंत रेघ उमटली, मग तिसरीपर्यंत. संध्याकाळच्या आत ओटा मधोमध उलला. लोक पहारी घेऊन धावले, काँक्रीटचे तुकडे बाजूला सारले.

खाली काळी लोकर दिसली. अर्धी कुजलेली, सिमेंटात चिकटलेली घोंगडी. केवळाबाईनं पांढरी किनार ओळखली. लोकर तिनंच कातली होती. घोंगडी सोलली तसा आत बिरोबा जसाच्या तसा, शेंदरासकट.

सगळे उमाजीकडं बघायला लागले. तो खाली मान घालून म्हणाला, "पहारेकरी बिडी पेटवायला वळला, तवा अंगावरची काढून टाकली. देवाला खडी टोचंल म्हनून."

केवळाबाईचे डोळे भरले. देवाला हात जोडायचं राहिलं. ती नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"अन् दोन हिवाळे तुमी रानात काय पांघरलं वो?"